पहिल्या दोन तासिका

आवाज बसला म्हणून मी डॉक्टरांकडे गेले, पण बिघडायला सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली होती. परिपाठानंतर मुलांना गोष्ट सांगायची सवय कधी सुटली ते आठवत नाही. वह्या तपासायच्या म्हणजे बरोबरची खूण करून सही ठोकायची, एवढंच उरलं होतं. कोणाचं काय चुकलं, का चुकलं हे बघायला मन थांबत नव्हतं. रविवारी दुपारची जेवणं उरकली की पोटात गोळा यायचा. एखादं पोर तिसऱ्यांदा तोच प्रश्न घेऊन टेबलाशी आलं की आतून तिडीक उठायची, आणि ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी फळ्याकडे वळायचे. नवी नवी नोकरीला लागले तेव्हा शाळा सुटल्यावरही मुलं माझ्याभोवती रेंगाळायची आणि त्यांना घरी धाडायचं माझ्याच जिवावर यायचं. आता चार वाजल्यापासून मी घड्याळ बघत होते.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मी तिसरी-चौथी सांभाळते. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे. डोंगराच्या अंगावरचं गाव, मुलं गुणी, पालक कष्टाळू, सर शांत स्वभावाचे. छळणारं असं कोणीच नव्हतं, म्हणून तर आपल्याला काय होतंय याचा उलगडा होईना. सगळं नीट असताना आपल्यालाच शिकवू नये असं वाटतं, म्हणजे आपल्यातच खोट असणार, अशी माझी समजूत होत चालली होती.

आसपासच्या शाळा मिळून होणाऱ्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी कान दिले तर कळतं की हा थकवा फार जणांचा आहे. "जीव नको झालाय बाई." "वीस वर्षं भरली की व्हीआरएस घेऊन मोकळं व्हायचं." आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य, "पोरांचं काही नाही हो, या माहित्यांनी मारलं." हे बोलतात ते सगळे कामचुकार नाहीत. त्यातल्या काहींचे वर्ग मी पाहिले आहेत. भिंतीवर मुलांनी केलेली चित्रं, कोपऱ्यात वाचून वाचून कोपरे दुमडलेली पुस्तकं. चांगलं शिकवणारा माणूस आधी थकतो, कारण शिकवणं बिघडलेलं त्यालाच आधी कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटचा समावेश केला. त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ तसाच राहिला की जे होतं ते, अशी त्याची नोंद झाली. तिथे सांगितलेल्या खुणा तीन: अंगातलं त्राण संपणं, कामावरून मन उडणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. हे वाचलं तेव्हा मला धीर आला. माझ्या घड्याळ बघण्याला, सही ठोकण्याला कोणीतरी आधीच नाव देऊन ठेवलं होतं आणि त्याचं मूळ माझ्या स्वभावात शोधलं नव्हतं, कामात शोधलं होतं.

मग मी कामाकडे बघायला लागले. रात्री जेवणं झाली की दिवसभरात काय काय केलं ते एका वहीत लिहायचं. कुठलाही दिवस काढा, साधारण असा दिसतो. शाळा उघडली, परिपाठ झाला, हजेरी झाली. तांदूळ मोजून काढला, पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम. फळ्यावर तारीख आणि पाठाचं नाव लिहितेय तोच ग्रुपवर संदेश: सोबतच्या लिंकवर आजच दुपारी बारापर्यंत माहिती भरावी, अत्यंत तातडीचे. वर्गात रेंज येत नाही. ती येते हापशाजवळच्या ओट्यावर. मुलांना पाढे लिहायला देऊन ओट्यावर जायचं. यू-डायसच्या सरकारी नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून चार पालकांना फोन. आहार शिजला, चव घेतली, चव रजिस्टरवर सही केली, ताटं वाढली, जेवलेल्या मुलांचा आकडा ॲपवर टाकला. दुपारनंतर शपथ घेतानाचा फोटो, झाड लावतानाचा फोटो, हात धुतानाचा फोटो. मतदार यादीचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना मतदारांचे फोन वेगळे. रात्री साडेदहाला पुन्हा ग्रुप वाजतो: खालील शाळांची माहिती अप्राप्त आहे.

त्या वहीतून एक गोष्ट लख्ख दिसली. मी शिकवण्याने थकत नव्हते. दिवसभर शिकवलं की पाय दुखतात, घसा दुखतो, पण मन ताजं असतं. मला शिणवत होतं ते शिकवायला बसल्या बसल्या उठावं लागणं. पाठ सुरू करायचा आणि तोडायचा, पुन्हा सुरू करायचा आणि पुन्हा तोडायचा. दिवसाअखेर काम डोंगराएवढं झालेलं असतं आणि ज्यासाठी आपण डी.एड. केलं ते हातून झालेलंच नसतं.

याची खात्री पटली ती पावसाळ्यात टॉवर बंद पडला त्या दिवशी. सकाळपासून फोनला काडीचीही रेंज नव्हती. तिसरीला हातच्याची वजाबाकी चालू होती. एका मुलीने ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिलं होतं. एरवी मी लाल पेनाने काट मारली असती आणि बरोबर उत्तर शेजारी लिहिलं असतं. त्या दिवशी वेळ होता म्हणून तिलाच विचारलं, कसं केलंस गं? ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत ना बाई, म्हणून सातातून दोन घालवले." तिचं तर्कशास्त्र चोख होतं. मोठ्यातून लहान जातं हे तिला पहिलीपासून आम्हीच शिकवलं होतं. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, मला सत्तावीस काड्या दे. तिने दोन गठ्ठे दिले. मग दोन सुट्या दिल्या. मग हात थांबला. उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे बघत बसली. मी काही बोलले नाही. शेजारचा पोरगा सांगायला पुढे झाला, त्याला खुणेनेच थांबवलं. बऱ्याच वेळाने तिने एका गठ्ठ्याला हात लावला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "रबर काढू?" काढ म्हटलं. रबर निघालं, काड्या सतरंजीवर पसरल्या, तिने त्यातल्या पाच मोजून माझ्या हातात दिल्या आणि उरलेल्या काड्या दोनदा मोजून म्हणाली, "पंचवीसच राहिल्या की!" मग स्वतःच वही ओढून ३५ खोडलं.

ते "रबर काढू?" ऐकण्यासाठी मी मास्तरीण झाले होते. संध्याकाळी घाट उतरताना लक्षात आलं की आज डोकं दुखत नाहीये.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, रोज सकाळच्या पहिल्या दोन तासिका आपण कोणालाच द्यायच्या नाहीत. दोघांचे फोन कपाटात. गावातलं कोणी आलं तर एकाने व्हरांड्यात जाऊन पाच मिनिटांत बोलून यायचं, दुसऱ्याने वर्ग सोडायचा नाही. सर जरा घाबरले. वरून फोन आला तर? मी म्हटलं, एक वाजता आपण स्वतःहून करू.

याला जोड म्हणून आम्ही माहितीची वही केली, आणि मला वाटतं हा सगळ्यात उपयोगी पडलेला उद्योग. आमच्याकडे मागितली जाणारी माहिती बहुतेक वेळा तीच असते, फक्त तक्ता बदललेला असतो. इयत्तावार पट, मुलं-मुली, प्रवर्गनिहाय संख्या, दिव्यांग विद्यार्थी, आधार झालेले-न झालेले, बँक खाती, वर्गखोल्या, नळ, शौचालयं, वीजजोडणी, किचनशेड, मैदान, कुंपण. हे सगळं एका दोनशे पानी वहीत लिहून काढलं, महिन्याच्या पहिल्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की अद्ययावत करायचं ठरवलं. आता कसलीही लिंक आली तरी वही उघडायची आणि भरायची. पूर्वी ज्याला दुपार जायची ते चहा गार व्हायच्या आत होतं. माहिती भरायची वेळही ठरवली: मुलं शेवटच्या तासाला मैदानावर गेली की आमच्यापैकी एक जण त्यांच्याबरोबर आणि एक जण ओट्यावर, दिवसाआड पाळी.

वरच्यांकडून त्रास झाला का? झाला. तेव्हाच्या एका अधिकाऱ्यांनी भर बैठकीत आमच्या शाळेचं नाव घेऊन विचारलं की तुम्हाला फोन उचलायला होत नाही का. मी उभी राहून सांगितलं, "साहेब, बारापर्यंत मी वर्गात असते. एक वाजता मी स्वतः फोन करते आणि दिलेली माहिती चुकलेली नसते." त्यांना ते रुचलं नाही. पण पुढच्या खेपेला संपूर्ण केंद्रात दुरुस्तीसाठी परत न आलेली माहिती आमचीच होती, आणि हळूहळू बोलणी थांबली. नंतर आलेले केंद्रप्रमुख स्वतः वर्षानुवर्षं वर्गात राबलेले होते. त्यांना समजावून सांगावंच लागलं नाही.

आता आवाजाचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि स्वरतंतूंवर बारीक गाठी असल्याचं सांगितलं. त्यांच्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांत शिक्षक, फेरीवाले आणि गाणारे हेच जास्त असतात म्हणाले. शस्त्रक्रियेची गरज नव्हती, आवाजाला विश्रांती आणि स्पीच थेरपिस्टकडचे व्यायाम सांगितले. तिथे जे शिकले ते डी.एड.ला शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. श्वास छातीत न कोंडता पोटापर्यंत घेऊन बोलायचं. सारखं खाकरायचं नाही. त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. आवाज बसला की आपण कुजबुजतो, पण कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो, त्यापेक्षा हळू पण नेहमीच्या आवाजात बोलावं. दिवसभर घोट घोट पाणी प्यावं. फळा कोरड्या डस्टरने झटकण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा, म्हणजे खडूची धूळ नाकातोंडात जात नाही. व्हरांड्यातून मैदानावरच्या मुलांना हाका मारायच्या नाहीत. त्यासाठी घंटा आहे.

विश्रांतीच्या काळात वर्ग सांभाळायचा कसा, हा प्रश्न होता. देवळातले जुने टाळ मागून आणले. टाळ एकदा वाजले की हात थांबवायचे, दोनदा वाजले की गटात बसायचं. काही सूचना पुठ्ठ्यावर लिहिल्या. मुलांनी हा खेळच करून टाकला. बाई बोलत नाहीत म्हटल्यावर तीही हळू बोलायला लागली आणि माझ्या ध्यानात आलं की वर्गातला निम्मा गलका माझ्या आवाजावर आवाज चढवण्यातून येत होता. घसा बरा झाला तरी टाळ वर्गातच राहिले.

पाणी प्या, हे सांगणं सोपं. शिक्षिकांना विचारा. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी शिक्षणसेवक म्हणून लागले. त्या शाळेत बाईमाणसाला जाता येईल अशी जागा नव्हती. मी आणि माझ्या सहकारी बाई सकाळी घरून निघताना पाणी प्यायचो ते संध्याकाळी घरी आल्यावरच. दोघींनाही मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा व्हायचा, आणि आम्ही तो नशिबाचा भाग समजून गोळ्या घ्यायचो. आंतरजिल्हा बदलीने इथे आले तेव्हा इथलं शौचालयही कुलूप लावून ठेवलेलं, आत पाणी नाही. या खेपेला मी विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडला. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या स्त्रिया लागतात. सभेत एरवी गप्प बसणाऱ्या बायका त्या दिवशी बोलल्या, कारण त्यांच्या मुलींचाही तोच प्रश्न होता. ग्रामपंचायतीने टाकी बसवली, नळ जोडला. शिक्षकांच्या स्वास्थ्याबद्दल प्रशिक्षणं होतात, त्यात श्वासाचे प्रकार आणि सकारात्मक विचार सांगतात. त्या प्रशिक्षणांत पहिला प्रश्न हा विचारला जावा: तुमच्या शाळेत शौचालय आहे का, आणि त्यात पाणी आहे का?

त्या मराठवाड्यातल्या शाळेने मला आणखी एक ओझं दिलं. दिवाळी झाली की वर्ग अर्धा व्हायचा. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आणि आईबापांबरोबर मुलं जायची. हंगामी वसतिगृहाच्या यादीत नावं घालण्यासाठी घरोघर फिरायचो, आज्यांची मनधरणी करायचो. काही राहायची, काही जायची. चौथीतली एक मुलगी, वाचनात सगळ्यांच्या पुढे, धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून गेली. जाताना वर्गातलं पुस्तक नेऊ का म्हणून विचारायला आली होती. मी दिलं. त्या हंगामात रात्र रात्र तिचा विचार डोक्यातून जाईना. तेव्हा हे कोणाजवळ बोलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. डॉक्टर, नर्स यांच्याकडे दुःख येतं तसं ते शिक्षकाकडेही येतं. उपाशी आलेलं मूल, बापाचा मार खाऊन आलेलं मूल, सातवीनंतर लग्न ठरलेली मुलगी. ते सगळं पाहून आपण पुढचा पाठ घेतो. ते आतमध्ये साठत जातं.

आता आम्ही जवळपासच्या शाळांतले काही शिक्षक महिन्यातून एका शनिवारी शाळा सुटल्यावर भेटतो, कधी याच्या शाळेत, कधी त्याच्या. डबे असतात, चहा असतो. नियम एकच: बदल्या, महागाई भत्ता आणि लिंक हे विषय काढायचे नाहीत. वर्गात काय घडलं तेवढंच बोलायचं. कोणाला भागाकार जमत नाहीये, कोणाचं मूल अचानक अबोल झालंय, कोणी चांगलं पुस्तक आणलंय. ज्याच्यासाठी काही करता येण्याजोगं आहे ते तिथेच ठरतं: सरपंचांशी बोलायचं, आशाताईंना सांगायचं, चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ वर फोन करायचा. ज्याचं काही करता येत नाही ते निदान चौघांत वाटलं जातं. माझ्यासाठी औषध म्हणावं असं काही असेल तर ते हे.

याच भेटींमुळे एका सरांचं कळलं. ते यायचे बंद झाले, मग फोन उचलायचे बंद झाले. कोरोनाच्या काळात चेकपोस्टवर, रेशन दुकानावर, घरोघरच्या सर्वेक्षणावर आमच्यातले कित्येक राबले, काही परत आले नाहीत, आणि शाळा उघडल्यावर त्याबद्दल कोणी कोणाला काही विचारलं नाही. सरांचं तिथपासून बिनसलं होतं. त्यांच्या मिसेसनी सांगितलं की रात्र रात्र जागे असतात, "माझा काही उपयोग नाही" म्हणतात. हा थकव्याच्या पलीकडचा मामला होता, तासिका वाचवून आणि फिरायला जाऊन सुटणारा नव्हता. दोघे जण घरी गेलो, त्यांना घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. औषधं सुरू झाली, वैद्यकीय रजा काढली. आज ते शिकवतात आणि शनिवारी येतात. ज्यांच्या गावाजवळ असे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस सुरू केलं आहे. १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

रजा काढणं मात्र आपल्याकडे अजून जड जातं. शिक्षकदिनाला, बालिकादिनाला भाषणांमधून आम्हाला झिजण्याचीच थोरवी सांगितली जाते. सावित्रीबाईंनी शेण झेललं, तुम्हाला चार कामं होत नाहीत? सावित्रीबाईंबद्दल माझ्या मनात काय आहे ते शब्दांत सांगता यायचं नाही. म्हणूनच त्यांचं एक पत्र मला सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवावंसं वाटतं. १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या आणि तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलं. भाऊ शुश्रूषा करतो आहे, पूर्ण बरी झाले की पुण्याला येईन, असं कळवताना त्यांना सहकारी फातिमाची आठवण येते: आपल्या मागे कामाचा भार तिच्यावर पडला असणार, आणि तरी ती तक्रार करणार नाही हे त्यांना माहीत आहे. म्हणजे आजारी पडल्यावर सावित्रीबाई माहेरी गेल्या, बऱ्या होईपर्यंत राहिल्या, आणि शाळा सहकाऱ्यांनी सांभाळली. त्या काळात, त्या विरोधात. आपण मात्र अंगात ताप असताना सलाइन लावून निवडणूक प्रशिक्षणाला गेलेल्या बाईंचं कौतुक करतो.

घरचं फार लिहीत नाही. शिक्षिकेची दुसरी पाळी घरी सुरू होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे रात्रीची भाकरी मी करते, भाजी-आमटी ह्यांच्याकडे आणि भांडी मुलाकडे आहेत. हे आपोआप झालेलं नाही, बोलून, प्रसंगी रुसून झालं आहे. जेवणाआधी गावाबाहेरच्या रस्त्याने चालून येते. फोन घरी ठेवून. आठ वाजल्यानंतर शाळेचा ग्रुप बघत नाही आणि आजवर त्यामुळे कोणत्याही मुलाचं काही बिघडलेलं नाही.

तरीही एक सांगायला हवं, नाहीतर हे सगळं लिहिणं अर्धवट राहील. मी जे केलं ते दोन शिक्षक होते म्हणून जमलं. शेजारच्या वाडीवर एकच शिक्षिका चार वर्गांना शिकवते, तिने फोन कपाटात ठेवला तर व्हरांड्यात कोण जाणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलं आहे, साठपर्यंत पट असला तर दोन. शिक्षकाचा कामाचा आठवडा ४५ तासांचा धरला आहे, आणि त्यात पाठाच्या तयारीचे तासही मोजले आहेत. म्हणजे उद्या काय शिकवायचं याचा शांतपणे विचार करणं हे कायद्याच्या दृष्टीने कामच आहे. कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारनेही शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा निर्णय काढला. कागद आमच्या बाजूने आहेत. जनगणनेचं काम आम्ही करू, ते देशाचं काम आहे आणि घरोघर ओळख असलेल्या माणसाने ते केलं तर नीट होतं. पण त्याच आठवड्यात हात धुतानाचे फोटोही हवेत, हे चालणार नाही. शिक्षकाने योगासनं करावीत आणि व्यवस्थेने पूर्वीसारखंच वागत राहावं, अशी वाटणी मला मान्य नाही.

नव्याने लागलेल्या शिक्षक-शिक्षिकांना मी एवढंच सांगेन की पहिल्याच वर्षी दिवसातला एक तुकडा आपल्या शिकवण्यासाठी राखून घ्या. नंतर तो मागायला फार बळ लागतं. आणि तालुक्यातल्या केंद्रप्रमुखांना, विस्तार अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा केंद्राच्या पहिल्याच बैठकीत ठरवून टाका की सकाळच्या पहिल्या दोन तासिकांच्या वेळात कोणत्याही शाळेकडे माहिती मागायची नाही आणि रात्री आठनंतर ग्रुपवर काही टाकायचं नाही. याला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. तुमच्या एका संदेशाने हे उद्यापासून सुरू होऊ शकतं.